तोबेईची बंदूक

१४ ऑक्टोबर
आजपासून रोजनिशी. पुढेमागे आमच्या बंदूक मंडळाचा इतिहास लिहिला जाईल तेव्हा तारखा लागतील. कुणीतरी नोंद ठेवायला हवी.

काल गावच्या उत्सवात मंडळाचा कार्यक्रम. चौदा जण चिलखत घालून रांगेत उभे, प्रत्येकाच्या हातात स्वतःची जुनी तोड्याची बंदूक. चौदा बार एकदम उडाले. तळ्यावरची बदकंसुद्धा उडाली. टाळ्या. मी पंधरावा. ज्याच्याकडे स्वतःची बंदूक नाही त्यानं शंख फुंकायचा, असा मंडळाचा नियम आहे. सहा वर्षं मी फुंकतोय. काल शंखातून आवाज निघाला नाही, नुसती हवा निघाली. वारा उलटा होता.

घरी आल्यावर चिझुरु म्हणाली, शंख मला नीटसा ऐकू आला नाही हो, पण माझा डावा कान तुमच्याकडे होता ना, म्हणून असेल. लहानपणी गालगुंड झालं तेव्हापासून तिचा डावा कान गेलाय. घरात काही सांगायचं झालं की मी तिच्या उजव्या हाताला उभा राहतो, किंवा ती वळून उजवी बाजू माझ्याकडे करते. समजूतदार बायको आहे.

निश्चय: एप्रिलच्या उत्सवात माझ्या हातात बंदूक असेल.

१९ ऑक्टोबर
मंडळातला कुवाबारा म्हणतो, अहो वाकिता, ओसाकात दुकानं आहेत, जा, एक उचला, आणा. हा दाताचा डॉक्टर. याच्याकडे तीन आहेत. दाढा काढाव्यात तशा जमवल्यात.

मला कुणाचीही बंदूक नको. आमच्या गावात शेकडो वर्षं बंदुका घडल्या आणि आम्ही वाकिता म्हणजे घडवणाऱ्यांपैकी. मूळपुरुष वाकिता तोबेई. पुरावा: आजोबा सांगायचे. देवळातली वंशावळ आगीत गेली, त्यामुळे विरुद्ध पुरावाही नाही.

तोबेईची एकही बंदूक आज जपानात नाही. हातोरीसान (मंडळाचे प्रमुख, वय अठ्ठ्याहत्तर, गावचे जुने पोस्टमास्तर) म्हणाले, वाकिता, बंदूक एकही नाही याचा अर्थ तोबेईही नव्हता असा होऊ शकतो बरं का. सगळे हसले. मीही हसलो. पण उत्तर सोपं आहे. चांगला माल परदेशी जातो. तोबेईचा सगळा गेला.

२ नोव्हेंबर
सापडली!

बेल्जियममधला लिलाव. वेबसाइटवर चार ओळी: जपानी तोड्याची बंदूक, जुनी, स्थिती मध्यम, विकणाऱ्याच्या आजोबांच्या तळघरातली. नळी दस्त्याखाली थोडी उचलून फोटो काढलाय. घडवणाऱ्याचं नाव तिथेच कोरलेलं असतं. सगळा गंज, पण शेवट स्पष्ट दिसतो: ‘बेई’.

चिझुरुला दाखवलं. तिनं चष्मा लावला, बराच वेळ बघितलं. म्हणाली, त्या काळी निम्म्या पुरुषांची नावं बेईनंच संपायची. आमचे पणजोबा जिनबेई. ते टोफू विकायचे. संशोधनाला एक दृष्टी लागते, ती सगळ्यांना नसते. मी वाद घातला नाही.

निश्चय: १. ठरवलेल्या आकड्यापुढे जायचं नाही. २. चिझुरुला विचारल्याशिवाय बोली लावायची नाही.

९ नोव्हेंबर, संध्याकाळ
बोली लावली. चिझुरु कामाच्या खोलीत होती, व्यत्यय नको म्हणून विचारलं नाही. पलीकडे कुणीतरी इरेला पेटला होता. मीही वाकिता.

जिंकलो. आकडा इथे लिहीत नाही. रोजनिशी खाजगी असली तरी आमच्या कपाटाला कुलूप नाही.

जेवताना सांगितलं. चिझुरुनं माझ्या वाटीत भात वाढला. म्हणाली, आली की ठेवायची कुठे? तेवढंच. मग मिनाएचा फोन. ही आमची मुलगी, गिफूला शाळेत शिकवते. म्हणाली, बाबा, आईच्या खोलीचं छप्पर गळतंय, त्याचं तुम्ही या हिवाळ्याआधी करणार होतात ना? म्हटलं, छप्पर दर वर्षी गळतं, तोबेई दर वर्षी सापडत नाही. तिनं फोन आईला द्यायला सांगितलं.

२३ नोव्हेंबर
आज काही घडलं नाही, म्हणून घरची थोडी नोंद.

चिझुरु वाद्यांच्या तारा करते. माहेरचा धंदा. रेशीम पिळायचं, हळदीत रंगवायचं, तांदळाच्या पेजेत शिजवायचं, खुंट्यांवर ताणून वाळवायचं. मग तारेपाशी उजवा कान नेऊन बोटानं छेडते, डोळे मिटते. काही तारा ठेवते, काही कात्रीनं कापून टाकते. मला विचाराल तर सगळ्या सारख्याच वाजतात. मधूनच मला हाक मारते, अहो, ही ऐका बरं, कशी वाटते? मी म्हणतो, छान. ती हसते आणि कामाला लागते. लग्न झाल्यापासून हे चालू आहे.

क्योतोच्या दुकानाचा माणूस येऊन तारा घेऊन जातो. मोठमोठे वादक तिचीच तार मागतात असं तो म्हणतो. विक्रेते गोड बोलतातच. घराला तेवढाच हातभार.

१२ डिसेंबर
ओसाकाला कस्टममध्ये जाऊन पेटी सोडवली. एका अधिकाऱ्यानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला बोलावलं. अखेर कागद मिळाला. आता नोंदणीची तपासणी २० फेब्रुवारीला. तिथे तज्ज्ञ बंदूक बघणार, खरी जुनी ठरली तर नोंदणीपत्र देणार. पत्र मिळालं की माझी. नाही मिळालं तर सरकारची, आणि सरकार वितळवतं. नाही मिळण्याचा प्रश्नच नाही.

गावच्या चौकीतला निशिदे घरी येऊन कागद बघून गेला. म्हणाला, वाकितासेन्सेई (म्हणजे गुरुजी), तपासणीपर्यंत खोलू नका, घासू नका, आली तशी दाखवा. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तेहतीस वर्षं लोकांना ब्रेक दाबायला शिकवलं. मला सावधगिरी शिकवतो! याला मीच दोनदा नापास केलं होतं.

१४ डिसेंबर
घरी, पूर्वजांच्या फोटोंसमोर ठेवली. अपेक्षेपेक्षा लहान आहे. तळघराचा वास येतो. पण धरली की हात आपोआप जागेवर बसतात. रक्तातच असणार.

चिझुरु ओले हात पुसत आली, बंदुकीसमोर बसली, वाकून नमस्कार केला. म्हणाली, थंडीत केवढा प्रवास झाला बिचारीचा. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

२१ डिसेंबर
मंडळाची वर्षअखेरची मेजवानी. सगळ्यांना सांगितलं. कुवाबाराचा चेहरा बघण्यासारखा होता.

हातोरीसान मात्र लगेच म्हणाले, मग कधी आणताय? मंडळाचा जुना रिवाज असा की नवी बंदूक आली की आधी देवळाच्या आवारात आणायची, आठवडाभर पाण्याच्या पिंपात बुडवायची, मग सगळ्यांसमोर नळीचं मागचं टोक बंद करणारा बुडाचा स्क्रू काढायचा. कारण जुन्या बंदुकीत कधी कधी भरलेला बार तसाच असतो. कुणीतरी ठासून ठेवतो, उडवायचं राहतं, तो मरून जातो, बारूद राहते. बारूद म्हातारी होत नाही, म्हणाले हातोरीसान. आणि त्याआधी काडी घालून बघा. बांबूची काडी नळीत आतपर्यंत घालायची, तोंडाशी खूण करायची, मग तीच काडी बाहेरून नळीला लावायची. टोक बत्तीच्या छिद्रापर्यंत, म्हणजे आग आत जाते तिथपर्यंत, पोचलं तर नळी रिकामी. अलीकडेच थांबलं तर आत कुणीतरी बसलंय. मग हातसुद्धा लावू नका, मला हाक मारा.

लहानपणी शेजारच्या गोठ्याचं छप्पर कसं उडालं तेही सांगितलं. सगळे हसले. मी म्हटलं, आणतो की.

नेणार नाही. तोबेईच्या नावावर आठवडाभर पाणी? आणि स्क्रूसाठी नळी सगळ्यांसमोर दस्त्यातून काढली तर नाव आधी कुवाबारा वाचणार. चष्मा त्याचा चांगला आहे.

३ जानेवारी
मिनाए नव्या वर्षासाठी आली होती. आज गेली. बंदुकीकडे बघितलंसुद्धा नाही. जाताना म्हणाली, आईच्या खोलीत बादली ठेवलीय, बघितलीत का? थेंब पडतो त्याचा आवाज तारेच्या आवाजात मिसळतो, तिला काम थांबवून बसावं लागतं. मी चिझुरुला विचारलं, तुला त्रास होतो का? ती म्हणाली, पाऊस थांबला की ऐकते हो, घाई काय आहे.

म्हणजे त्रास नाही.

निश्चय: वसंतात छप्पर. आधी नोंदणी.

१० जानेवारी
काडी घातली. चार बोटं अलीकडेच थांबली.

पुन्हा घातली. तिथेच.

तासभर बसून शांतपणे विचार केला. शक्यता तीन. एक, आत गंज साचलाय. दोन, हातोरीसान म्हणतात ते. तीन, बुडाचा स्क्रू नेहमीपेक्षा लांब आहे. आता दुसरी शक्यता घेऊ. युरोपातला शिकलासवरलेला माणूस भरलेली बंदूक पेटीत घालून विमानानं पाठवेल का? नाही पाठवणार. पहिली घेऊ. चार बोटं गंज? तोबेईच्या लोखंडाला? म्हणजे उरली तिसरी. लांब स्क्रू! असा स्क्रू जपानात दुसऱ्या कुणाच्याही बंदुकीत नाही. हे तोबेईचं गुपित.

एक अडचण आहे. स्क्रू तेवढा लांब असेल तर बत्तीचं छिद्र त्याच्याच अंगावर येतं, मग आग आत जाणार कशी? पण हा प्रश्न तोबेईनं सोडवला असणार.

हातोरीसानना सांगायचं का? सांगितलं की पिंप आलं. नको.

२५ जानेवारी
बर्फ. लेख पूर्ण: ‘वाकिता तोबेई यांचा लांब स्क्रू: एक दुर्लक्षित तंत्र’. अकरा पानं. स्क्रू प्रत्यक्ष बघितला की शेवटचा परिच्छेद.

हातोरीसानचा फोन, तिसऱ्यांदा. आणताय ना? म्हटलं, रस्ता निसरडा आहे. म्हणाले, मी येऊ का माणूस घेऊन? म्हटलं, तुमचे गुडघे.

२९ जानेवारी
चिझुरुला मासळीच्या दुकानात हातोरीसान भेटले. घरी येऊन तिनं विचारलं, अहो, ती काडी घालून बघितलीत का? ते फार काळजीनं विचारत होते. मी म्हटलं, बघितली. खोटं नाही. ती म्हणाली, मग झालं तर, आणि पेज ढवळायला गेली.

तिचं हे बरं आहे. एकदा सांगितलं की पुन्हा विचारत नाही.

८ फेब्रुवारी
तपासणी बारा दिवसांवर. नाव वाचता आलं पाहिजे आणि स्क्रू हातात पाहिजे. नुसती गंजकी बंदूक पुढे ठेवली तर त्यांना काय कळणार कुणाची ते? निशिदे म्हणाला खोलू नका, पण तो नियम सामान्य बंदुकीसाठी.

नळी दस्त्यापासून सुटी केली. एक खिळी तुटली. जुनीच होती. स्क्रू हलत नाही. तेल घातलं, हातोडी मारली, पाना घसरून अंगठा सोलला. आता तापवायचा. मंडळात सगळे तापवूनच काढतात. लोखंड फुगतं, गंज सुटतो, स्क्रू फिरतो. ते लोक पिंपातून काढल्यावर तापवतात एवढाच फरक.

१० फेब्रुवारी, सकाळ
आज स्क्रू.

शेगडीवर चिझुरुच्या पेजेचं मातीचं पातेलं आहे. तिला म्हटलं, दहा मिनिटं शेगडी दे. ती म्हणाली, पेज थंड झाली की गुठळ्या होतात हो. म्हटलं, दहाच मिनिटं, आणि नळी धरायला जरा ये. मला एका हातात पाना, एका हातात हातोडी, तिसरा हात कुठून आणू? ती हसली. हात पुसतेय. येतेय.

खिडकी बंद ठेवली आहे, वाऱ्यानं आच हलते.

११ फेब्रुवारी, हॉस्पिटल
उडाली.

पहिल्यांदा वस्तुस्थिती. तोबेईच्या बंदुकीतला बार इतक्या वर्षांनंतर उडाला. एकच बार, खणखणीत. गोळी सरकत्या दाराचा कागद फाडून बाहेर गेली आणि बागेतल्या पर्सिमॉनच्या झाडात बसली. कारागिरी बघा.

चिझुरुनं नळी मधोमध ओल्या टॉवेलात धरली होती. तोंड बागेकडे होतं, म्हणजे मी काळजी घेतली होती. बूड शेगडीवर होतं. मी बुडापाशी उभा, सूचना देत होतो: थोडं वर, थोडं खाली. शेगडीचा आवाज, त्यात मी हळू बोलतो. ऐकू यावं म्हणून ती वाकली आणि उजवी बाजू माझ्याकडे केली. नेहमी करते तशी.

मी हातोडी मारणार होतो म्हणून कानात मंडळाचे रबरी बोळे घातले होते. हातोडीचा आवाज कानाला वाईट. जोडी एकच आहे.

स्क्रू निघाला. पातेल्यात गेला, पातेलं फुटलं. मी ओरडलो, लागलं का? ती फरशीवर बसून पातेल्याचे तुकडे गोळा करत होती, मनगटावर पेज सांडलेली. पुन्हा विचारलं. तिनं खिडकीकडे बघितलं. मी बोळे काढले आणि तिसऱ्यांदा विचारलं. तिनं माझ्याकडे बघून विचारलं, तुम्ही काही बोलताय का?

डॉक्टर म्हणतात पडदा फाटलाय, आतही इजा आहे. थोडं परत येईल, कदाचित. मी ‘येईल’ असं लिहून ठेवतो.

१६ फेब्रुवारी
चिझुरु घरी. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून बोलतो. ती बोलते नेहमीसारखी, फक्त कधी फार मोठ्यानं, कधी ऐकूच येणार नाही इतकं हळू. मी लिहिलं: त्रास होतो का? ती म्हणाली, आत सारखा पाऊस पडतोय हो.

निशिदे बंदूक घेऊन गेला. त्यानं एक शब्दही ऐकवला नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

मिनाए आली आहे. माझ्याशी बोलत नाही. आज एकदाच बोलली. विचारलं, बाबा, बोळे कुणाच्या कानात होते? मी म्हटलं, जोडी एकच आहे मंडळाची. ती कोट न घालता बर्फात बाहेर गेली आणि बराच वेळ आली नाही.

चूक कुणाची याचा विचार केला. विकणाऱ्याची. पाठवण्याआधी काडी घालून बघायला नको?

२० फेब्रुवारी
तपासणी. दोन तज्ज्ञ, दोघेही सभ्य. निशिदेनं बंदूक टेबलावर ठेवली, मी लेख ठेवला. एकानं दोन पानं वाचली, दुसऱ्याकडे बघितलं. मग पिशवीतून स्क्रू काढून माझ्यासमोर ठेवला. साधा. माझ्या अंगठ्याएवढा.

त्यांनी विचारलं, काडी घालून बघितली नव्हती का? मी म्हटलं, बघितली. एकानं लेख मिटून माझ्याकडे परत सरकवला.

धक्क्यानं नळीचा गंज झडलाय. नाव आता कुणालाही वाचता येईल, चष्म्याशिवाय. ‘साकाई, जिनबेई’. साकाई! ज्या गावाशी आमच्या गावानं पिढ्यानुपिढ्या वैर केलं त्या गावची. जिनबेई तर जिनबेई, निदान टोफूवाला नाही.

बूड फाटलंय, लोखंड भाजलंय. नोंद होणार नाही. वितळवणार. सही केली. बाहेर निशिदेनं विचारलं, सेन्सेई, घरी सोडू का? गाडी चांगली चालवतो. वळणावर वेळेत ब्रेक दाबतो.

२८ फेब्रुवारी
हातोरीसान आले. गुडघे दुखत असताना चालत आले. चिझुरुसमोर जमिनीला कपाळ लावून बसले, उठेनात. म्हणत होते, माझी चूक, मी येऊन उचलून न्यायला हवी होती, मी माणूस ओळखायला हवा होता. तिला ऐकू येत नव्हतं. ती म्हणत राहिली, अहो उठा ना, फरशी गार आहे. दोघंही एकमेकांचं न ऐकता बोलत होते. मी चहा ओतला.

जाताना मला म्हणाले, शंख तुमच्याकडेच राहू द्या.

‘माणूस ओळखायला हवा होता’ म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

१५ मार्च
कान परत आलेला नाही. डॉक्टर आता ‘कदाचित’सुद्धा म्हणत नाहीत. यंत्र लावून बघितलं. यंत्रातून तिला माझा आवाज डब्यात खडे हलवल्यासारखा येतो. काढून ठेवलं.

क्योतोचा माणूस आला. चिझुरुनं हॉस्पिटलमधून आल्यावर केलेल्या तारा परत घेऊन. वाकून, फार वाईट वाटून म्हणाला, वाजवणारे म्हणतात यात काहीतरी हललंय. चिझुरुनं त्याच्या ओठांकडे बघितलं, गठ्ठा घेतला, त्याला लोणचं बांधून दिलं. मी तिला लिहून दाखवलं: क्योतोच्या लोकांची आवड खालावली आहे. तिनं वाचलं आणि कागद परत दिला.

बेल्जियमच्या त्याच वेबसाइटवर एक पितळी कर्णा सापडला. जुन्या काळी बहिरे लोक कानाला लावत. नक्षी सुंदर आहे. मिनाएनं माझा फोन काढून घेतला.

६ एप्रिल
उत्सव. चौदा बार. पंधरावा मी. आज शंख वाजला. असा पहिल्यांदाच वाजला, लांब, भरदार, डोंगरापर्यंत गेला. लोक वळून बघायला लागले. हातोरीसानसुद्धा.

मी गर्दीत चिझुरुला शोधलं. ती कठड्यापाशी उभी होती, आमच्याकडे पाठ करून, तळ्याकडे बघत. बदकं उडाली तेव्हा तिनं मान वर केली. बार झाल्याचं तिला त्यावरून कळलं असावं.

घरी आल्यावर लिहिलं: आज शंख वाजला. ती म्हणाली, हो का? छान.

१९ एप्रिल
छप्पर दुरुस्त केलं. स्वतः. तीन दिवस लागले. आज पाऊस पडला, बादली कोरडी. चिझुरुला हाताला धरून नेऊन दाखवली. तिनं बादलीत बघितलं, म्हणाली, आता पाऊस पडत असतानाही ऐकता आलं असतं.

मग खुंट्यांपाशी गेली. नव्या तारा आहेत, पुन्हा करायला घेतल्यात. एक छेडली. उजवा कान नेला, अगदी तारेला टेकवला, डोळे मिटले. पुन्हा छेडली. मग डावा कान नेला, जो लहानपणापासून मेलेला आहे तो. बराच वेळ तशीच वाकून होती.

अहो, इकडे या, म्हणाली. मी गेलो. ती म्हणाली, मी दोन तारा छेडते. नीट ऐका. दुसरी पहिलीपेक्षा खाली उतरलीय का, तेवढंच सांगा. लिहू नका, बोला, मी ओठ बघते.

तिनं एक छेडली. मग दुसरी. मी ऐकलं. देवाशपथ, सगळा जीव कानात आणून ऐकलं. पुन्हा छेडायला सांगितलं, तिनं छेडल्या. फरक असेलही. काय ऐकायचं असतं तेच मला माहीत नाही. इतकी वर्षं ती माझ्या कानाशी तारा वाजवत होती आणि मी एकही ऐकली नाही.

ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. काहीतरी बोलायला हवं होतं.

म्हटलं, छान.

तो शब्द तिला ऐकायची गरज नव्हती. तिनं कात्री घेतली. ती तार कापली, मग दुसरी, मग खुंट्यांवर होत्या तेवढ्या सगळ्या, एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश, न रागावता. मी खाली बसून तुकडे गोळा करायला लागलो. हाताला हळद लागली. तेव्हा मला रडू आलं, मोठ्यानं, आवाज आवरेना. ती पाठमोरी उभी राहून खुंट्या पुसत होती.